पावण्यांची गाडी

मी एक गाडी बोलतेय. कोल्हापुरात महामार्गालगत जुन्या गाड्यांचा एक बाजार आहे, तिथं पहिल्या रांगेत उभी आहे ती पांढरी, ती मीच. काचेवर 'सिंगल हँड', म्हणजे एकाच मालकानं वापरलेली, अशी पाटी लावलीय. ती वाचून मलाच हसू येतं.

मला पहिल्यांदा घेतलं जोतीराम मास्तरांनी, निवृत्तीनंतर. पंचगंगेच्या बाजूच्या एका गल्लीत आमचं घर. मास्तर रविवारी मला कळंब्याच्या तळ्यापर्यंत फिरवून आणायचे आणि दारात आल्यावर बोनेटवर हात ठेवून विचारायचे, "दमलीस काय गं?" माणसाशी बोलावं तसं बोलायचे. मग महापूर आला. मास्तरांना बोटीतून नेलं, मला कोण नेणार? पाणी चाकाला लागलं, दारातून आत शिरलं आणि शेवटी छतावरून गेलं. पूर ओसरल्यावर मास्तर आले, दार उघडलं, आतला गाळ पाहिला आणि पायरीवर बसून राहिले. विमा कंपनीनं मला मोडीत काढलं. माझी गोष्ट खरं तर तिथंच संपायला हवी होती.

पण मोडीतलं उचलणारी माणसं असतात. ज्यांनी मला उचललं, ते या बाजाराचे मालक, नाव आदर्श. आईबाप नाव ठेवताना काय काय मनात आणतात, बघा! आदर्शशेठनी मला घासलं, नवी सीट कव्हरं घातली, आरशाला अत्तराची बाटली टांगली. डोळ्याला दिसेल तेवढं सगळं धुतलं. जे दिसत नाही, ते तसंच राहिलं.

आणि एका सकाळी तानूबाई आली.

कागलकडच्या एका खेड्यातली ही बौद्ध कुटुंबातली म्हातारी. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कोल्हापूरला यावं लागायचं. एसटीत तिला उभं राहवत नव्हतं. म्हणून मुलगा प्रसेनजीत आणि सून क्रांती गाडी बघायला आले होते. प्रसेनजीत एमआयडीसीत कामाला, कमी बोलणारा.

आदर्शशेठनी विचारलं, "मावशी, म्हायेर कुठलं तुमचं?"

"लांब हाय बाबा. चंदगड."

"चंदगड? आवो, माझ्या आत्याला चंदगडातच दिलीया! म्हंजे तुम्ही आमचं पावणंच निघालासा की!"

चहा आला. शेठनी स्वतःच्या कपासारखाच कप तिच्या हातात दिला. तानूबाई त्या कपाकडं बघतच राहिली. तरुणपणी अशाच मोठ्या घरांच्या उंबऱ्याबाहेर ती उभी राहायची, ओंजळ धरून, आणि वरून पाणी ओतलं जायचं. हे तिनं पुढं एकदा माझ्यात बसून क्रांतीला सांगितलं, म्हणून मला माहीत. आज तसल्याच घरातला माणूस तिला पावणी म्हणत होता.

"पुराची न्हाय न्हवं?" प्रसेनजीतनं विचारलं.

"छ्या! हिनं पूर डोळ्यानं बघितला न्हाय. काय खोट निघाली तर माझ्या दारात आणून लावा. जबान हाय माझी."

"मग एवढं कागदावर लिहून दिलासा तर..."

तानूबाईनं त्याच्या दंडाला धरलं. "आरं, पावण्याकडनं कुठं लिहून घेत्यात व्हय? काय वाटंल त्यास्नी?"

प्रसेनजीतनं कागदाचा विषय सोडला आणि पैसे मोजून दिले. आईच्या तोंडावर इतका आनंद त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

क्रांतीनं माझ्या डॅशबोर्डवर पंचशीलाचा छोटा झेंडा लावला. तानूबाई खिडकीपाशी बसायची. आजारानं इतकी वाळलेली, की सीटचा पट्टा हातभर ओढला तरी तिला पुरायचा. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की काच खाली करून सांगायची, "पावण्यांकडनं घेतलीया गाडी." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

माझी दुखणी लवकरच वर आली. दिवे आपोआप लागायचे, ऊन असताना वायपर फिरायचे. प्रसेनजीत दोनतीनदा शेठकडं गेला. "जुनी गाडी हाय पावणं, एवढं चालायचंच," असं म्हणून शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचे.

मग तो दिवस. सकाळपासून पावसाची झड लागली होती. तानूबाईचे पाय सुजलेले, धाप थांबत नव्हती. आणि मी हायवेवर बंद पडले. आतल्या वायरी गाळानं कुजलेल्या, त्या एकदम जळाल्या. मी किती जोर लावला असेल ते माझं मला माहीत. अँब्युलन्सला फोन केला, ती कुठंतरी अडकलेली. शेवटी एका टेंपोवाल्यानं दोर बांधला. ओढताना धक्के बसणार म्हणून क्रांतीनं तानूबाईला मागच्या सीटवर आडवं केलं, आणि ती पडू नये म्हणून पट्टा ओढला. ओढत ओढत पार शेवटापर्यंत.

पट्ट्याच्या शेवटावर गाळ होता. वाळलेला, काळपट. तो भुगा होऊन तानूबाईच्या लुगड्यावर सांडला.

तिनं तो बोटांनी चोळला, नाकाशी नेला.

"पोरा," ती एवढंच म्हणाली, "हा नदीचा हाय न्हवं?"

दवाखान्यात पोचायला उशीर झाला. त्या दिवशी ती वाचली, पण पुन्हा धड उभी राहिली नाही. प्रसेनजीतनं ग्राहक आयोगात तक्रार केली. जोतीराम मास्तरांना शोधून काढलं. त्यांनी येऊन, "ही माझीच गाडी, छतापर्यंत पाण्यात होती," असं सांगितलं, आणि जाताना बोनेटवर हात ठेवला. शेठच्या वकिलाचं म्हणणं एकच होतं, की गिऱ्हाइकानं बघून घेतली, लिहून काही दिलेलं नाही.

हे घरी कळलं आणि तानूबाईनं हाय खाल्ली. "माझ्याच तोंडानं घात केला. पोरगं मागत हुतं, मीच गप केलं." प्रसेनजीत समजूत काढायचा. मी दारातच उभी असायचे, सगळं ऐकू यायचं. एका कपभर चहाला भुलले, असं ती स्वतःला बोल लावायची. तेच बोलता बोलता एक दिवस ती गेली.

निकाल नंतर लागला. प्रसेनजीत जिंकला. त्या संध्याकाळी तो माझ्यात येऊन बसला आणि मागच्या रिकाम्या सीटकडं तोंड करून त्यानं निकाल मोठ्यानं वाचला. दोष लपवून माल विकणं हीच फसवणूक आहे, लिहून घेतलं नाही म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही, असं त्यात होतं.

"आई, ऐकलीस न्हवं?" तो म्हणाला. "तुझं काय बी चुकलं न्हवतं गं."

मग स्टेअरिंगवर डोकं टेकून तो रडला. मला ना हात, ना पदर.

निकालाप्रमाणं शेठनी पैसे परत केले आणि मला परत नेलं. तिथं मला पुन्हा घासलं, नवं अत्तर टांगलं. या वेळी शेठ हुशार झालेत, पट्टे नवे टाकलेत. क्रांतीचा झेंडा काढला, त्याचा डाग तेवढा राहिलाय.

आत्ता एक तरुण बाई आलीय, सासूला हाताशी धरून. सासूचा पाय दुखतोय, तिला माझं दार आवडलंय, उंच नाही म्हणून. चहा सांगितलाय. हॉर्न वाजवावा तर माझी बॅटरी काढून ठेवलेली.

शेठ खुर्ची पुसत विचारतायत, "या, या. म्हायेर कुठलं म्हणायचं तुमचं?"

बाई, माहेर सांगू नकोस. आधी लिहून माग.