किती ठेवू?

मित्रांनो, जुने म्हणवून घ्यायला मला जराही संकोच वाटत नाही. मी केस कापायचे एक जुने हातमशीन आहे. विजेची तार नाही, बटण नाही, घरघर नाही. दोन दांडे, एक स्प्रिंग, एक स्क्रू आणि एकावर एक सरकणाऱ्या दातांच्या दोन पट्ट्या, एवढाच माझा संसार. दांडे दाबले की दात सरकतात, सोडले की मागे येतात. तुम्हाला हे फार साधे वाटेल. पण साधे काम नीट करणे किती अवघड असते, ते माझ्या दातांना विचारा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक वयस्कर कारागीर होते. तयार झालेले प्रत्येक मशीन ते आधी स्वतःच्या मनगटावरच्या केसांवर चालवून पाहत. त्यामुळे त्यांची दोन्ही मनगटे कायम गुळगुळीत असत. माझी पाळी आली तेव्हा त्यांच्या मनगटावर कापण्यासारखे काही उरले नव्हते. म्हणून त्यांनी मला आपल्या मिशीच्या टोकावर चालवले आणि म्हणाले, "हे जाईल कुठंही. नाव काढील." मिशी वाकडी झाली, पण त्यांचा शब्द खोटा ठरला नाही, असे मला वाटते. निदान माझी तरी तशी समजूत आहे.

मी आले ते उस्तादांच्या दुकानात. उस्ताद हे त्यांचे खरे नाव नव्हे, सगळे त्यांना तेच म्हणत. दुकान लहानसे होते. एक खुर्ची, एक आरसा, वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाकडे. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकली की लहान मुले त्यावर उंच बसत. उस्तादांच्या हाताची पकड अशी होती, की मी कोणाच्या मानेवरून फिरून गेले तरी त्याला पत्ता लागत नसे. कितीतरी माणसे माझ्या कुरकुर आवाजात झोपी गेली. त्या दुकानात माझ्या एका दातानेही कोणाचा केस कधी ओढला नाही. हे मी आजही ताठ मानेने सांगते.

उस्तादांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधले, की हत्याराला हात लावण्याआधी ते विचारत, "हं, किती ठेवू?" इतर दुकानांत म्हणे "किती कापू?" असे विचारतात. उस्ताद म्हणत, "कापलेलं मला झाडून टाकायचंय. ठेवलेलं त्याला मिरवायचंय. मग ठेवायचं विचारायला नको?" आणि विचारायचे ते खुर्चीत बसलेल्यालाच. मग तो सात वर्षांचा असो की सत्तरचा.

एकदा एक वडील आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा शाळकरी होता, डोक्यावर दोन भोवरे होते. वडील दारातूनच म्हणाले, "मुळापासून उडवा सगळे. डोळ्यांसमोर नकोत."

उस्तादांनी मुलाला कापड बांधले आणि त्याच्याकडे वाकून विचारले, "किती ठेवू?"

"मी सांगितलं ना आत्ता?" वडील म्हणाले.

"खुर्चीत तो बसलाय, भाऊ. तुम्ही बसाल तेव्हा तुम्हाला विचारीन."

मुलाने एकदा आरशातून वडिलांकडे पाहिले आणि अगदी हळू सांगितले, "कान झाकतील एवढे." मी फक्त त्याच्या मानेवरून फिरले. वडील रागावून बाहेर उभे राहिले. तो मुलगा मात्र खुर्चीतून उतरताना जरा उंच झाल्यासारखा दिसत होता.

पुढे विजेची मशीने आली. उस्तादांच्या बोटांना सांधेदुखी जडली होती, त्यांनीही एक घेतले. मला त्याचा राग नाही. ते गुणी आहे, फक्त बडबडे आहे. मी आरशाखालच्या फळीवर बसून राहिले. मग शाळेतले कवायतीचे सर एक दिवस आले आणि म्हणाले, "काका, ते जुनं मशीन शाळेला देता का?" शिबिरासाठी वगैरे हवे असेल, असे उस्तादांना वाटले. त्यांनी मला पुसून, कापडात गुंडाळून दिले. सोबत तेलाची छोटी बाटलीही दिली. "आठवड्याला थेंबभर तेल. विसरू नका."

सर विसरले नाहीत. पण माझे तेल कपाटाच्या बिजागरीला गेले. बिजागरी कुरकुरायची थांबली आणि मी कुरकुरू लागले.

शाळेत एक नियम होता. मुलांचे केस कॉलरला टेकता कामा नयेत. मुलींनी दोन वेण्या घातल्या की झाले, पण मुलांची मान मोकळी दिसली पाहिजे. सोमवारी प्रार्थना झाली की कवायतीचे सर रांगांमधून फिरत. त्यांना मुले 'सावधान सर' म्हणत. ठेंगणे, टकलू, कडक इस्त्रीचे. कोणाची बट कॉलरला टेकलेली दिसली, की त्याला पुढे बोलावून ते मला कपाळापासून टाळूपर्यंत एकदाच सरळ चालवत. याला मुले 'रस्ता काढणे' म्हणत. डोक्यावर असा रस्ता घेऊन कोण फिरणार? मुलगा संध्याकाळी मुकाट्याने जाऊन उरलेले केस उडवून येई. इथे कोणी काही विचारत नव्हते. माझ्यासारख्या मशीनला हे कसे वाटले असेल, ते तुम्हीच समजून घ्या. एरवी मी सपाट झालेले चेंडू आणि शिट्ट्यांच्या शेजारी, ओलसर कपाटात पडून असे. मला हळूहळू गंज चढत होता.

त्याच शाळेत नववीत एक मुलगा होता. फार उंच, म्हणून मित्र त्याला 'खांब्या' म्हणत. त्याचे केस खांद्यापर्यंत आले होते. स्वच्छ धुतलेले, मागे रबराने बांधलेले. इतके दिवस तो रबर वर चढवून, मान आखडून रांगेत उभा राहत असे. एका सोमवारी रबर तुटले आणि सगळे केस खांद्यांवर उतरले.

रांगेत हशा पिकला. "अरे, खांब्याला पालवी फुटली!" कोणीतरी ओरडले.

"सावधान!" सर गरजले. "तू. पुढे ये. हे काय आहे?"

"केस, सर."

"ते मला दिसतंय. नियम माहीत आहे?"

"आहे, सर."

"आज रस्ता निघेल. उद्यापर्यंत बाकीचे कापून यायचं. नाहीतर वर्गात बसायचं नाही. समजलं?"

मुलाचा चेहरा पांढरा पडला. पण तो पळाला नाही. त्याला वर्गही हवा होता आणि केसही हवे होते, आणि दोन्ही मिळणार नव्हते. सरांनी मला त्याच्या कपाळाशी लावले आणि दांडे दाबले. एक बट कापली गेली. दुसऱ्या दाबाला माझे गंजलेले दात दाट केसांत रुतले आणि तिथेच थांबले.

मित्रांनो, मी मुद्दाम अडकले असे मी म्हणणार नाही. लोखंडाला एवढी अक्कल असते का, मला ठाऊक नाही. गंज होता, तेल नव्हते, केस दाट होते. पण त्या क्षणी थांबल्याचे मला वाईटही वाटले नाही.

सरांनी मला पुढे ढकलले. मुलगा कळवळला. मागे ओढले, तर तो जोरात ओरडला. हात सोडला, तर मी केसांना लोंबकळू लागले आणि त्याला जास्तच दुखू लागले. म्हणून सरांना मला धरूनच उभे राहावे लागले. वरच्या गॅलरीतून मुख्याध्यापिका मोठ्या बाई म्हणाल्या, "कात्रीनं कापून टाका ना भोवतालचे!" पण कपाळाजवळ कात्री घालायला सरांचा हात धजेना. शेवटी ते म्हणाले, "चल. ज्यांचं मशीन, त्यांच्याकडेच जाऊ."

अशी आमची वरात निघाली. खांब्या उंच, सर ठेंगणे. सरांचा हात वर ताणलेला, हातात मी आणि माझ्या दातांत मुलाचे केस. एकाने पाऊल लांब टाकले की दुसऱ्याची धडगत नव्हती.

"सर, हळू."

"तू हळू. माझा हात बघ कुठं चाललाय."

"मग एका तालात चालू या का, सर?"

नाइलाजाने सर स्वतःच पुटपुटू लागले, "डावा, उजवा. डावा, उजवा." कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी हातातली जुडी खाली ठेवली. "अगं बाई! सर, घट्ट धरा हो, पळून जाईल!" सायकल दुरुस्तीवाला हसत म्हणाला, "सर, नवीन कवायत का?" सरांची कानशिले लाल झाली. त्यांना कोणाकडे वळून बघताही येईना.

थोडे पुढे गेल्यावर मुलगा म्हणाला, "सर, तुमचा हात अवघडला असेल. मी जरा वाकतो." आणि तो गुडघ्यांत वाकून चालू लागला. सरांचा हात खाली आला. मग सर आवाज बदलून म्हणाले, "खरं सांग. केस का वाढवलेस? घरात कोणी आजारी आहे का? कोणाला द्यायचेत का? तसं काही असेल तर मी मोठ्या बाईंशी बोलतो. काहीतरी मार्ग निघेल."

"नाही, सर."

"मग आईची हौस?"

"आई रोज ओरडते, सर. म्हणते, माझ्या कंगव्याला हात लावशील तर बघ."

"मग?"

"मला आवडतात, सर."

"एवढंच?"

मुलाने क्षणभर विचार केला. "एवढंच."

मित्रांनो, तेव्हा मी त्याच्या डोक्यावरच होते. त्याच्या कपाळाची शीर उडत होती, ती मला जाणवत होती. सरांनी दार उघडून दिले होते. एक खोटे वाक्य पुरले असते, केस वाचले असते, वर्गही वाचला असता. ते वाक्य तो बोलला नाही. मी आयुष्यात पुष्कळ डोकी पाहिली आहेत. इतक्या अभिमानाने मी दुसऱ्या कोणत्याच डोक्यावर बसले नव्हते.

दुकानाच्या दारात आम्हाला पाहून उस्तादांच्या हातातले वर्तमानपत्र गळून पडले. "अरे देवा! बस, बस बाळा. सर, तुम्ही सोडू नका, तसेच उभे राहा." त्यांनी चष्मा लावला, माझा स्क्रू अलगद काढला, दातांच्या पट्ट्या वेगळ्या केल्या. केस सुटले. उस्तादांनी मला उजेडात धरले आणि इतकेच म्हणाले, "किती दिवस उपाशी आहेस गं तू?" तेलाचा हिशेब मागितल्यासारखे ते वाक्य होते. सरांनी मान खाली घातली.

मग सवयीप्रमाणे उस्तादांनी मुलाच्या गळ्याभोवती कापड बांधले, पुढची अर्धवट कापलेली बट बोटांत धरली आणि वाकून विचारले, "हं, किती ठेवू?"

मुलाने आरशातून सरांकडे पाहिले.

ते पाहणे मी ओळखले. सरांनीही ओळखले असावे. त्यांचा हात नकळत आपल्या टकलावर गेला. "काका," ते म्हणाले, "मलाही तुम्ही असंच विचारलं होतंत. बाबा तिथं दारात उभे होते."

उस्तादांनी डोळे बारीक केले. "दोन भोवरेवाला! कान झाकतील एवढे! अरे, तो तू? भोवरे कुठं गेले रे?"

"केसांबरोबर गेले, काका."

तिघेही हसले. खांब्या सगळ्यात उशिरा हसला, कारण त्याला हसायची परवानगी आहे की नाही ते कळत नव्हते. मग सर आरशातल्या मुलाकडे पाहून म्हणाले, "सांग ना. ते तुला विचारतायत."

"सगळे ठेवा," मुलगा म्हणाला. "ती बट तेवढी नीट दिसेल असं करा."

शाळेत परतल्यावर मोठ्या बाई सहजासहजी ऐकणाऱ्या नव्हत्या. "एकाला सूट दिली की उद्या सगळेच वाढवतील," त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "वाढवू द्या, बाई. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी वाढवावेत." टक्कल पडलेल्या माणसाशी यावर काय वाद घालणार? तरी बाईंनी आठवडाभर विचार केला. तोवर खांब्या पहिल्या बाकावर बसत होता, केस घट्ट बांधून. शेवटी फळ्यावरचा नियम पुसला गेला आणि नवा लिहिला गेला: 'केस स्वच्छ असावेत. लांब असल्यास बांधावेत.' मुलगा की मुलगी, याचा त्यात उल्लेख नव्हता.

पुढे पुष्कळ मुलांनी केस वाढवले. उकाडा आला, धुण्याविंचरण्याचा कंटाळा आला, तशी बहुतेक आपणहून उस्तादांकडे आली. काहींनी ठेवले. खांब्याने ठेवले. शाळा बुडाली नाही.

सरांनी मला परत आणून दिले. उस्तादांनी माझा गंज घासून काढला, दातांना धार लावली. आता मी काचेच्या फळीवर, आरशाशेजारी असते. तेल वेळेवर मिळते. दर महिन्याला सावधान सर येतात. कानांमागे त्यांना जी थोडी झालर उरली आहे, तिच्यासाठी ते मलाच मागतात. उस्ताद विचारतात, "किती ठेवू?" सर म्हणतात, "आहेत तेवढे सगळे."

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. तुमच्या घरातल्या हत्यारांना वेळेवर तेल द्या. ती मुकी असतात, पण त्यांनाही गंज दुखतो. आणि मोठे झाल्यावर तुमच्या हातात एखादे हत्यार आले, किंवा एखादा नियम आला, तर तो कोणाच्या डोक्यावर चालवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. आमच्या दुकानात तर या कधीही. उस्ताद तुम्हालाही विचारतील. कोणी सोबत आले तरी ते तुमच्याकडेच बघतील. उत्तर मात्र तुमचे तुम्ही ठरवून या.