गुरुवारी विझणारा दिवा

अनारकान आपांच्या अंगणात त्या दिवशी दुपारी निम्मं गाव लोटलं होतं. बर्फ तुडवून तुडवून त्याचा काळा चिखल झाला होता. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळलेल्या. खिडकीच्या फळीवर वायफायचा पांढरा डबा होता आणि त्यावर लाल दिवा पेटलेला होता.

शायलोबेक खोलीत एकटाच होता. आमच्या भागात त्याला ‘उघड्या डोळ्याचा’ म्हणत, कारण बाकीच्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं असा समज. त्याने जुनिपरच्या फांदीचा धूर डब्याभोवती तीनदा फिरवला, मग अंगावरची पांढरी चादर डब्यावर आणि स्वतःच्या डोक्यावर ओढून घेतली. चादरीखालून पुटपुटणं ऐकू येत होतं. दहा मिनिटं गेली. चादर बाजूला झाली तेव्हा दिवा हिरवा होता.

गर्दीतून एक लांब सुस्कारा निघाला. लगेच आपांचा मोबाईल वाजला. त्यांचा मुलगा जेनिश दूर सुरगुत शहरात इमारतींवर कामाला आहे, तीन दिवस त्याचा चेहरा दिसला नव्हता. आता तो पडद्यावर हसत होता. आपा मोबाईल छातीशी धरून रडल्या, त्यांच्याबरोबर चार बायका रडल्या.

“हवेत रस्ते असतात,” शायलोबेक उंबऱ्यात येऊन सांगू लागला. “मुलाचा आवाज त्या रस्त्यांनी येतो. वाटेत जिन बसतात, जकात नाक्यावर शिपाई बसतात तसे. मी त्यांना म्हटलं, आईचा आवाज अडवू नका. आज ऐकलं त्यांनी. नेहमी ऐकतील असं नाही.”

शेवटचं वाक्य त्याने हलक्या आवाजात टाकलं. ते नीट ऐकायला हवं होतं. बाकी कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं आणि घरी निघून गेले.

मी कालिपा, कारा-बुलुन गावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. आमच्या गल्लीतल्या चौदा घरांत एकाच कंपनीचे, एकाच बनावटीचे डबे आहेत. सोमवारी सकाळी चौदाही घरांत लाल दिवा लागला होता. मी कंपनीला फोन केला, थोडा वेळ गाणं ऐकलं, मग एक मुलगी बोलली. रात्री कंपनीने सगळ्या डब्यांत परस्पर अपडेट टाकलं होतं. त्यात प्रत्येक घराचं खातं आणि पासवर्ड पुसला गेला होता. तिने मला माझा खातेक्रमांक सांगितला, मी तो डब्यात भरला, दिवा हिरवा झाला. झालं. चहा निवायच्या आत.

त्याच संध्याकाळी आपांची सून बेरमेत माझ्याकडे आली. तिला सहावा महिना चालू होता. लग्नाआधी दोन वर्षं ती नारीन शहराच्या बाजारात मोबाईलच्या दुकानात कामाला होती.

“बाई, डब्याचं काय झालंय ते मला कळलंय,” ती दारातच म्हणाली. “खातं पुसलं गेलंय. आपांना म्हटलं, खात्याचा कागद द्या, मी भरते. त्या म्हणाल्या, सुनेने घरातल्या वस्तूंना हात लावायचा नाही. तुमचं ऐकतील त्या. येता का?”

“उद्या येते,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या वह्या होत्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं, आपांनी शायलोबेकला बोलावणं धाडलंय. मग वाटलं, कशाला उगाच वाईटपणा घ्या. दिवा काय, लागेल आज ना उद्या. शहाण्या माणसाचं मौन असंच असतं, त्याला निमित्त कधी कमी पडत नाही.

दिवा लागला, बुधवारी. आणि गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता पार विझला. रात्री दहाला आपोआप परत आला. पुढच्या गुरुवारी तसंच. जेनिशला सुट्टी गुरुवारची, मनसोक्त बोलायचा वार तोच. गल्लीत ज्या ज्या घरी शायलोबेकने चादर पांघरली होती, त्या प्रत्येक घरी गुरुवारी सहाला अंधार. माझ्या घरी मात्र दिवा चालूच. लोक म्हणाले, बाईंचं घर सडं, एकटीचं, जिनाला तिथे काय मिळणार.

तिसऱ्या गुरुवारी शायलोबेक पुन्हा आपांच्या घरी आला. या वेळीही मी गेले होते. सहाच्या ठोक्याला दिवा विझला आणि त्याने डोळे मिटून मान हलवली.

“बाहेरून येत नाही हा,” तो म्हणाला. “घरातच मुक्काम आहे त्याचा. नवीन आलेल्या माणसाबरोबर आलाय.”

सगळ्यांनी बेरमेतकडे पाहिलं. ती चहाची किटली घेऊन दाराशी उभी होती. तिने किटली खाली ठेवली.

“जिन नाही, डब्यात वेळ लावलेली आहे,” ती शांतपणे म्हणाली. “मुलांनी रात्री मोबाईल बघू नये म्हणून अशी सोय असते. अमुक वारी, अमुक वाजता बंद. सेटिंग उघडून बघा. कुणीतरी मुद्दाम लावलीय.”

शायलोबेकचा चेहरा पडलेला मी पाहिला. पण तो मुरलेला माणूस होता. त्याने आवाज खाली आणला.

“ऐकलंत?” तो गर्दीला म्हणाला. “ही भाषा कुणाची? सासू बसलेली असताना, म्हातारे बसलेले असताना, सून असं बोलते कधी? आपा, तुमची सून लग्नात अशी बोलत होती का?”

“नाही,” आपा म्हणाल्या. “मान खाली घालून होती.”

“मग आता कोण बोलतंय?”

बेरमेतला जे कळत होतं तेच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरलं. मी म्हणाले, “अहो, ती खरं सांगतेय, मला कंपनीने...” आणि आपांचे दीर माझ्यावर ओरडले की बाईंनी शाळेत शिकवावं, लोकांच्या चुलीत डोकावू नये. मी बसले. उभं राहायला हवं होतं, पण बसले.

सुनेचं काय करायचं, आपांनी जेनिशला विचारलं. शायलोबेकच्या मोबाईलवरून, कारण त्याच्या मोबाईलला कधीच काही होत नसे. जेनिश सगळं ऐकून म्हणाला, “आई, तुला योग्य वाटेल ते कर. माझं इथे डोकं चालत नाही.”

ठरलं असं की तीन आठवडे बेरमेतने घराच्या छपराखाली झोपायचं नाही. अंगणापलीकडे कोकरांचा गोठा होता, तिथे लोखंडी शेगडी होती. तिचा मोबाईलही काढून घेतला. शायलोबेक म्हणाला, जिन त्यातूनच ये-जा करतो.

पुढच्या गुरुवारी आपांचा दिवा विझला नाही. गावभर झालं, बघा, सून बाहेर आणि दिवा चालू. शायलोबेकची गाडी त्या संध्याकाळी कुंपणाला लागून उभी होती, हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला नंतर लागला.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी, हवा शून्याखाली सत्तावीस, बेरमेत बादली घेऊन पाण्याला निघाली आणि गोठ्यामागे बर्फावरून पोटावर पडली. तिने हाका मारल्या. घरात टीव्ही चालू होता. फोन करायला मोबाईल नव्हता. सरपटत ती कुंपणापर्यंत आली, तिथे दूधवाल्याने तिला पाहिलं. तोवर दोन तास झाले होते.

मूल जिवंत जन्मलं नाही. मुलगी होती.

मी दवाखान्यात गेले तेव्हा बेरमेत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी बरंच काही बोलायचं ठरवून गेले होते. तोंडातून एवढंच निघालं, “मी सोमवारीच यायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. वळली नाही.

मग तिने विचारलं, “आपा काय म्हणाल्या?”

मी सांगितलं नाही. आपा म्हणाल्या होत्या, ते मूल आपलं नव्हतंच, जिनाचं होतं, बरं झालं.

आठ दिवसांनी, गुरुवारी, ती स्वतःच माझ्या दारात उभी राहिली. चेहरा कागदासारखा. नारीनला बहिणीकडे जायला निघाली होती, पिशवी खांद्याला होती.

“आपल्या गल्लीतल्या साबीर आजोबांच्या घरी आज शायलोबेक येणार आहे ना?” तिने विचारलं. “दवाखान्यात बायका बोलत होत्या. त्यांच्या विधवा बहिणीवर आळ घेणार म्हणून.”

“सोनुनवर. हो.”

“शाळेचा लॅपटॉप आणि तार मिळेल का? आणि तुमच्या डब्याखाली चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी बघू. त्याने बाकीच्यांच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्यात. पण कारखान्याचा पासवर्ड सगळ्या डब्यांना एकच असतो. तो बदलण्याइतके कष्ट त्याने घेतले नसतील.”

“तुझी गाडी चारला सुटते.”

“जाऊ दे.”

साबीरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सोनुन, सत्तरीची, कानांनी अधू, कोपऱ्यात बसली होती. तिला कळत नव्हतं की सगळे आपल्याकडे का बघताहेत. बेरमेतला पाहून लोक बाजूला सरकले, वाट आपोआप झाली. भीतीचा हा एक फायदा. अनारकान आपाही तिथे होत्या. त्यांनी मान वळवली.

बेरमेतने डब्याला तार जोडली, लॅपटॉप जमिनीवर ठेवला, आणि पासवर्ड टाकला. पान उघडलं.

“बाई, मोठ्याने वाचा,” ती मला म्हणाली. “माझं वाचलेलं चालणार नाही.”

मी वाचलं. “वायफाय बंद. वार गुरुवार. सहा ते दहा.”

“जिनाला घड्याळ लागतं,” बेरमेत म्हणाली. “आज गुरुवार, आता साडेपाच वाजलेत. मी सहाच्या जागी पाच पस्तीस लिहिते. बघत रहा.”

पाच मिनिटं सगळे दिव्याकडे बघत राहिले. पाच पस्तीसला दिवा विझला. घरातल्यांच्या मोबाईलवरची वायफायची खूण गेली. तिने आकडे पुसले. दिवा लागला.

शायलोबेक हसला. “मी काय म्हणत होतो? तिचाच आहे तो, तिचं ऐकणारच.”

काही माना हलल्या. मला वाटलं, संपलं. पण बेरमेतने लॅपटॉप उचलला आणि साबीर आजोबांच्या मांडीवर ठेवला.

“आजोबा, तुम्ही करा. इथे वेळ लिहा. पाच चव्वेचाळीस. आता हे बटण.”

साबीर आयुष्यभर घोड्यांमागे फिरलेला माणूस. त्याने राकट बोटाने एकेक आकडा दाबला, चुकला, पुन्हा दाबला. पाच चव्वेचाळीसला दिवा गेला. त्याने स्वतः आकडे पुसले, दिवा आला. त्याने पुन्हा एकदा केलं, मग तिसऱ्यांदा. मग मान वर करून शायलोबेककडे पाहिलं.

“माझ्यात कधी शिरला रे?” त्याने विचारलं. “माझं वय पंच्याहत्तर. मलाही गोठ्यात ठेवतोस का?”

शायलोबेक धुराची फांदी तिथेच टाकून गाडीकडे गेला. कुणी अडवलं नाही. पुढे पोलीस आले तेव्हा बाकीचं उलगडलं. गावात डबे बसवणारा त्याचा भाचा होता. चौदाही घरांची खाती भाच्याच्या वहीत लिहिलेली होती. चादरीखाली मंत्र नव्हता, मोबाईल होता. मामा खातं भरून दिवा लावी आणि जाता जाता गुरुवारची वेळ लावून ठेवी, म्हणजे बोलावणं पुन्हा येणार. आपांच्या डब्यात लावलेली वेळ त्याने त्या गुरुवारी कुंपणाबाहेर गाडीत बसून पुसली होती, वायफाय तिथपर्यंत पोचत होतं. त्याला दंड झाला. बेरमेतच्या बाळाबद्दल कायद्यात त्याच्यासाठी काही सापडलं नाही, कारण तिला गोठ्यात त्याने स्वतः ढकललं नव्हतं. ऐकते की आता तो दुसऱ्या खोऱ्यात आहे आणि पाठदुखीवर पाणी मंतरून देतो.

त्या संध्याकाळी साबीरच्या अंगणात आपा बेरमेतच्या मागे गेल्या.

“घरी चल, पोरी,” त्या म्हणाल्या. “मला त्याने फसवलं.”

बेरमेतने पिशवी खांद्यावर नीट केली.

“त्याने तुम्हाला फसवलं, आपा. मला तुम्ही बाहेर काढलंत.”

ती रस्त्याला लागली. शेवटची गाडी गेली होती, साबीरने आपली जुनी गाडी काढली आणि तिला नारीनला पोचवलं. ती पुन्हा मोबाईलच्या दुकानात काम करते. जेनिशचे फोन घेत नाही.

हे मी लिहिलं ते शायलोबेकला शिव्या देण्यासाठी नाही. असे शायलोबेक पैशाला पासरी मिळतात. मला सांगायचं आहे ते तुम्हाला. घरातलं एखादं यंत्र बंद पडलं, जनावर आटलं, मूल आजारी पडलं, तर आधी विचारा, काल आणि आजमध्ये काय बदललं? ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा, मग तो घरात सगळ्यात धाकटा असो, काल आलेली सून असो. कुणी म्हणालं की मी अंधारात, चादरीखाली, एकट्याने करतो, तर म्हणा, उजेडात कर, आमच्या हातांनी करून दाखव. खरं असेल ते दुसऱ्याच्या हातूनही तसंच घडतं. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ‘उद्या’ म्हणू नये. माझ्यापाशी उत्तर होतं, चहा निवायच्या आत सांगता आलं असतं, आणि मी वह्या तपासत बसले. जिन नसतो हे मला पक्कं माहीत होतं. नुसतं मला माहीत असून त्या पोरीला त्याचा काही उपयोग झाला नाही.