मडगार्डमागचा पत्रा

"वरून रंग मार आणि मोकळा हो. उगाच तुझं शहाणपण नको," थोरला म्हणाला. रुमालाने स्टूल दोनदा झटकून, अर्धंच बूड टेकून तो बसला.

धाकटा डेंटर होता. बत्तीस वर्षं याच शेडमध्ये तो लोकांच्या गाड्यांचे पोचे काढत होता, आणि तेवढ्या वर्षांत भावाने इथे पाय ठेवला नव्हता. आज आला तोही उद्या गाडी घेऊन व्याह्यांकडे जायचं म्हणून. जुनाट गाडी, डाव्या पुढच्या मडगार्डवर, दाराजवळ, रंगाला फोड आलेले. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारणाऱ्याला पत्र्यातलं काय कळणार?

धाकट्याने फोडावर पेचकस टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"अरे, भोक पाडलंस!"

"पाडलं नाही, दादा. होतंच. तू रंग फासून झाकलं होतंस."

बंपरचा कोपरा सैल केला, दिवा काढला, मग बॉनेटखालचे बोल्ट. बिजागरीजवळचा शेवटचा बोल्ट गंजून एकजीव झाला होता. तेल पाजूनही हलेना, तेव्हा कापला. मडगार्ड सुटलं तशी ओंजळभर ओली माती आणि कुजकी पानं खाली पडली. त्यामागे, दाराचा भार पेलणारा खांब भिजल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता.

"याच दाराशी वहिनी बसते ना?"

"तुम्हा लोकांना एकाचे दहा करून सांगायची खोडच असते."

"बोट घालून बघ."

थोरल्याने बोट घातलं नाही, पायावर पाय टाकला. गाडीचा अर्धा जबडा उघडा, नेणार कुठे? बसणं भाग होतं.

दुपारी शाळेची बस चालवणाऱ्या बाई आरसा घट्ट करून घ्यायला आल्या. स्टुलाकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, हे अगदी तुमच्यासारखे दिसतात. भाऊ का?"

"छे हो," थोरला घाईने म्हणाला. "गिऱ्हाईक. गाडी टाकलीय."

धाकट्याचा वायर ब्रश थांबला. नाक तेच, कानाच्या पाळ्या त्याच, दोन्ही आईच्या. ते कुठे लपवणार होता हा? मग ब्रश पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा जोरात. मग त्याने उठून बाईंचा आरसा घट्ट करून दिला आणि त्या बस घेऊन निघून गेल्या.

धाकट्याने खांबाचा आणि मडगार्डचा सडका पत्रा कापला, नवा जोडला, सांधे घासून गुळगुळीत केले आणि आतून गंजरोधक रंगाचा हात मारला.

"आता पुरे की," थोरला वैतागला. "तिथे आत कोण बघणार आहे?"

"कुणी नाही," धाकटा म्हणाला. आणि पहिला हात वाळल्यावर त्याने दुसरा मारला.

मडगार्ड बसवायची वेळ आली तेव्हा ऊन कलत होतं. एरवी हे दोघांचं काम. थोरला स्वतःहून उठला. काय वाटलं कोण जाणे. बाह्या जपत, दोन बोटांनी त्याने कड धरली. मडगार्ड घसरलं.

"राहू द्या, साहेब," धाकटा म्हणाला. "तुमचे कपडे खराब होतील."

थोरल्याने चमकून पाहिलं. मग हात मागे घेतला.

धाकट्याने मडगार्ड गुडघ्यावर तोललं, वरची कड कपाळाने दाबून धरली आणि चाचपडत पहिला बोल्ट लावला.