कडक इस्त्री

घडीबाईने पहिल्या कागदावर बोटं टेकवली आणि चटका बसल्यासारखी उचलली. कागद गुळगुळीत होता. तिने पुन्हा हात फिरवला, डावीकडून उजवीकडे, मग कडेकडेने. एकही ठिपका बोटाला लागेना.

"वाच ना," टेबलापलीकडून निवासी शाळेचे सर म्हणाले. "घाबरायचं काय त्यात? तुलाही दिसत नाही, मलाही दिसत नाही. फिट्टंफाट."

हेडमास्तर मोठ्याने हसले. दाराजवळ उभी असलेली आई हसली नाही.

आईचं गावात इस्त्रीचं दुकान होतं आणि जन्मापासून न दिसणारी ही पोर तिथे घड्या घालायची. गिऱ्हाइकांनी तिचं नावच घडीबाई पाडलं होतं. कुणाचा सदरा, कुणाची चादर, हात लावताच सांगायची. आजवर एकाचा कपडा दुसऱ्याकडे गेला नव्हता. लोक तोंडभरून कौतुक करत. कौतुक करायला कुणाच्या खिशाला चाट बसत नाही.

खरं कौतुक केलं ते फिरत्या बाईंनी. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या पोरांना शिकवत त्या गावोगाव फिरायच्या. शाळेच्या ओसरीवर बसवून त्यांनी घडीबाईला जाड कागदावर टोचून ठिपके उठवायला शिकवलं आणि तेच ठिपके बोटांनी वाचायला. मग त्यांची बदली झाली. जाताना म्हणाल्या, "हे कागद जिवापाड जप. सर निवडीला येतील तेव्हा यातलंच वाचून दाखवायचं. तू घेतली जाणार म्हणजे जाणारच."

सर वर्षातून एकदाच येत. यंदा एकच जागा होती आणि ओसरीवर आणखी दोन पोरं बसली होती. पुढच्या वर्षी घडीबाई वयात बसणार नव्हती. आज निवड झाली तर शहर, वसतिगृह, पुस्तकांनी भरलेली खोली. नाही झाली तर घड्या.

कागदाला वास येत होता. शिंपडलेल्या पाण्याचा, कोळशाचा, किंचित करपल्याचा. तो वास तिच्या ओळखीचा होता. काल आई म्हणाली होती, "किती चुरगळलेत गं तुझे कागद. असे नेणार मोठ्या माणसांपुढे?"

म्हणजे आईने इस्त्री केली. बिचारीने हौसेने केली. ओल्या कागदावर तापलेली इस्त्री फिरली की ठिपके दबून सपाट होतात, हे तिला कुठून ठाऊक असणार?

खरं सांगितलं तर हेडमास्तर खो खो हसतील. संध्याकाळपर्यंत गावभर होईल की इस्त्रीवालीने पोरीचं शिक्षणच इस्त्री करून टाकलं. आई चार लोकांत मान वर करू शकणार नाही. घडीबाईला ते सहन होईना.

तिने कोऱ्या कागदावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

"एका नदीकाठी एक कासव राहत होतं. त्याला वाटायचं, आपलं घर फार जड आहे..."

गोष्ट तिला पाठ होती. जिथे वाचताना अडखळायची तिथे ती मुद्दाम अडखळली. ओळ संपली की बोट खाली आणत होती. हेडमास्तर म्हणाले, "वा! मला तर हे कागद पहिल्यापासून कोरेच दिसतात बुवा!"

सरांनी मान तिरकी केली होती.

"थांब," ते म्हणाले. "वाचताना बोटांचा आवाज येतो. खरखर. तुझा येत नाहीये."

त्यांनी हात पुढे करून कागद ओढून घेतला. त्यावर तळवा फिरवला. मग दुसऱ्या कागदावर, मग तिसऱ्यावर.

"कोरे आहेत."

आता आई बोलेल, असं घडीबाईला वाटलं. आई सांगून टाकेल, साहेब, माझीच चूक झाली, मी इस्त्री फिरवली. मग सगळे हसतील, हसू देत. तिने दाराकडे तोंड केलं. दाराकडून आईच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"पाठ करून आणलंस," सर म्हणाले. "आणि माझ्यापुढे वाचण्याचं नाटक केलंस. आंधळ्याला फसवणं सोपं वाटलं?"

"नाही सर. मला येतं वाचता. तुमच्याकडचं पुस्तक द्या, मी..."

"वाचायला कुणालाही शिकवता येतं, बाळ. शिकलेलं नसेल तर मी शिकवलं असतं, तेच माझं काम आहे. पण खोटं बोलणारं पोर मी नेत नाही. एकच जागा आहे माझ्याकडे." त्यांनी कागद नीट जुळवून तिच्याकडे सरकवले. आवाज जराही चढलेला नव्हता. "पुढच्याला पाठवा."

असल्या माणसांना आपल्या न्यायीपणाचं फार सुख असतं. त्या सुखात त्यांनी ओसरीवरच्या पोराला खडीसाखर दिली.

वाटेत आईने तिचा हात घट्ट धरला होता. इतका घट्ट तिने कित्येक वर्षांत धरला नव्हता.

"जाऊ दे," आई म्हणाली. "परक्या गावात कोण बघणार होतं तुझ्याकडे? माझ्याजवळ बरी आहेस."

घडीबाई हो म्हणाली. तिला आईची दयाच येत होती. आईच्या हातून काय झालं हे तिला कधीच कळू द्यायचं नाही, असं तिने चालता चालता ठरवून टाकलं.

दुकानात आल्यावर आईने कोळसे पेटवले. दवाखान्याच्या चादरी तुंबल्या होत्या. इस्त्री तापेपर्यंत घडीबाई कोपऱ्यात बसली आणि तिने मांडीवर कागद घेतले. एकेका कागदावरून हात फिरवून ती तो बाजूला ठेवत गेली. कासव गुळगुळीत. पाढे गुळगुळीत. बाईंनी सांगितलेली कविता गुळगुळीत. कोपऱ्यापर्यंत नीट दाबलेले, एक सुरकुती नाही. आईचं काम कडकच असायचं.

सगळ्यात खालच्या कागदावर तिचं बोट अडलं.

ठिपके होते. टोकदार, जसेच्या तसे. सगळ्या पानभर एकच शब्द, ओळीखाली ओळ. आई. आई. आई.

तो कागद तिला आठवत होता. एका संध्याकाळी तिने आईचं भाजून राठ झालेलं बोट धरून या ठिपक्यांवर फिरवलं होतं. आईला आधी काही कळेना, मग कळलं. "हे मी?" आई म्हणाली होती, आणि कितीतरी वेळ एकटीच बोट फिरवत बसली होती. तिला तेवढा एकच शब्द यायचा.

घडीबाईने तो कागद गठ्ठ्याच्या मधोमध ठेवला होता. डोळ्यांनी पाहणाऱ्याला सगळे कागद सारखेच. तो एकच वेगळा काढायचा तर बोट फिरवूनच काढावा लागतो. आणि ठिपके मोडतील हे ठाऊक असेल, तरच तो काढून ठेवावासा वाटतो.

"अगं, ये ना," टेबलाकडून आई म्हणाली. इतक्या मायेने की दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनाही बरं वाटलं असेल. "घड्या कोण घालणार?"

घडीबाई उठली. नेहमीसारखी भिंतीच्या आधाराने टेबलापाशी आली. आईच्या इस्त्रीची धग चेहऱ्याला लागली तिथे ती थांबली आणि तिने हातातला कागद चादरीवर ठेवला, ठिपके वर करून, आणि तळव्याने सारखा केला.

"आई," ती म्हणाली, "हे एक राहिलं."

इस्त्रीचं सरकणं थांबलं. थोड्या वेळाने चादर करपल्याचा वास यायला लागला. घडीबाईला तो सगळ्यांच्या आधी आला. एरवी ती लगेच ओरडून सांगायची.