बाटलीतला जावई

पायाला कायम भिंगरी लागलेली, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. त्या दुपारी मात्र तिनं नावावरही ताण केली होती. यंत्रापाशी जायची, पडद्यावरची सपाट रेघ बघायची, पुन्हा खिडकीशी. पलीकडच्या खोलीत मॅडम भाषणाची तालीम करत होत्या आणि त्यांचा आनंदी आवाज भिंतीतून येत होता. तो आवाज तिला नकोसा झाला होता.

मॅडम या आठवड्यात निवृत्त होणार होत्या. आजचं भाषण निरोपाचं, आणि त्यात त्या जावयाची घोषणा करणार होत्या.

जावई म्हणजे यंत्राच्या आलेखावरचं एक टोक, उंच सुळक्यासारखं, अर्कात एखादं द्रव्य असलं की उमटणारं. सांधेदुखीवरच्या एका कडू वेलीचे इवले तुकडे काचेच्या बाटल्यांत, पोषक जेलीवर वाढवायचे. मग रोपं वाटून अर्क काढायचा आणि त्यात औषधी काय आहे ते यंत्रात बघायचं, हे त्यांचं काम. रानातल्या वेलीत कधीच न दिसलेलं हे टोक बाटलीतल्या रोपांत मात्र हटकून दिसायचं. ठरल्या वेळी यायचं, रुबाबात यायचं, आणि आलं की सगळ्यांची धावपळ. म्हणून जावई. त्याचं कुळ-मूळ सांगणारं मोठं यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं, तिथला नंबर पुढच्या महिन्यात होता. मॅडमना तेवढा धीर कुठला!

आणि आज सकाळी भिंगरीच्या डोक्यात किडा शिरला. बाटलीच्या तोंडावर गुंडाळायची प्लास्टिकची पट्टी तिनं नेहमीसारखी ताणली, आणि हात तसाच थांबला. मध्यंतरी ही पट्टी संपली होती. तेव्हा कापसाची बुचं लावून काम भागवलं होतं. त्या रोपांत जावई आलाच नव्हता. ‘कमजोर निघाली गं ती, टाकून दे,’ मॅडम म्हणाल्या होत्या, आणि हिनं मान डोलवून टाकून दिली होती. कुंडीत लावलेल्या रोपांतूनही जावई गायब झाला, तेव्हा ‘बाहेरच्या हवेत वेल आळसावते’ असं दोघींनी ठरवून टाकलं. पानात जेवढा, मुळातही तेवढाच, याचंसुद्धा कौतुकच केलं. आवडत्या माणसाच्या खोड्या पोटात घालाव्यात, तशातला प्रकार.

त्यांनी तुलनेला, अर्क काढायला वापरतात तो नुसता ताजा द्रावक यंत्रातून चालवला होता. रिकामी बाटली कधीच नाही. जेली निर्जंतुक आहे ना, हे कळावं म्हणून प्रत्येक खेपेला दोन-चार बाटल्या रोप न लावता, तशाच पट्टी गुंडाळून मांडणीवर ठेवायच्या असतात. त्यांतलीच एक तिनं उचलली होती. तिच्यातल्या जेलीचा अर्क आता यंत्रात होता.

‘येऊ नकोस रे बाबा,’ ती पुटपुटली. ‘आजच्या दिवस येऊ नकोस.’

तो आला. ठरल्या वेळी, रुबाबात.

कागद छापून घेताना तिला रडूच फुटलं. क्षणभर वाटलं, फाडून टाकावा. भाषण होऊन जाऊ दे, टाळ्या पडू देत, मग बघू. पण उद्या ते दुसऱ्या कुणी शोधून काढलं तर मॅडमचं हसं होईल, आणि आपल्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तिनं दार ढकललं.

“आलीस? या कोटावर हा रुमाल बरा दिसतो का गं?”

“मॅडम, रिकाम्या घरीपण जावई आलाय.”

मॅडमनी कागद घेतला. वरचा ‘रोपाविना’ हा शब्द वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

“पट्टी?”

“हो. प्लास्टिक मऊ राहायला त्यात काहीतरी घालतात, तेच जेलीत उतरत असणार. कापसाच्या बुचाची रोपं…”

“मीच टाकायला लावली.” मॅडम खुर्चीत बसल्या. “बाई गं! अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय मी.”

बाहेरून शिपायानं हाक मारली, सभागृह भरलंय म्हणून. मॅडम उठल्या. भाषणाचे कागद टेबलावरच राहिले. हा एकच कागद त्यांनी घडी घालून हातात घेतला.

“हेच सांगते त्यांना. दुसरं काय सांगणार?”

“मॅडम, मी पुन्हा करते सगळं. काचेची झाकणं लावून, पहिल्यापासून.”

“तू करशीलच.” दारापाशी त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत. “वेलीत खरंच काही सापडलं, तर मला फोन करशील ना? मी घरीच असेन.”

मॅडम पाठमोऱ्या वाट बघत राहिल्या, आणि भिंगरी त्यांच्या मागे जागच्या जागी नुसती होकाराची मान हलवत राहिली.