शेवट साप काढ

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी अर्धी अक्षरं पुसली गेली आहेत आणि पोटात अजून खाणीची लाल माती आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे जे सांगणार आहे त्यात थोडा दोष माझाही आहे, आणि तो सांगताना मला कुणी मध्ये थांबवलेलं खपत नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. एका खोक्यात आम्ही वीस भावंडं होतो, एवढंच आठवतं. खरी शुद्ध आली ती डिचोलीकडच्या एका खाणीच्या ऑफिसात. तिथे सगुणबाब खनिजाचे नमुने तपासायचे. मूठभर माती यायची, ती बघून सगुणबाब माझ्यावर दोन बोटांनी शेरा बडवायचे. 'माल चलता' किंवा 'माल चलना', म्हणजे चालतो किंवा चालत नाही. माल अगदीच टाकाऊ असला तर 'साप काढ'. आमच्या, म्हणजे सगुणबाबांच्या, पेडण्याकडे 'साफ' म्हणताना 'साप' होतं. साप विसरलो, साप संपलं, असं आम्ही दिवसभर बोलतो. तेव्हा 'साप काढ' म्हणजे अख्खा ढीग उचलून टाक. बारा वर्षांत त्यांना चौथा शेरा लागला नाही. साहेब म्हणायचे, "सगुण, तुजो शेरो म्हणजे सुरी रे!" सगुणबाब फुगायचे. खोटं कशाला बोलू, मीही फुगायचो.

मग खाणी बंद पडल्या. ऑफिसातल्या खुर्च्या गेल्या, पंखे गेले. मला सगुणबाबांनी काखेत मारून पेडण्यातल्या पार्शाला आपल्या घरी आणलं आणि काजूच्या पोत्यामागे टाकलं. दोन वर्षं मी तिथे पडून होतो. पाली अंगावरून जायच्या. ज्यांना कुणी तसं टाकलं नसेल त्यांना ते कळायचं नाही.

मला बाहेर काढलं ते त्यांच्या मुलीनं, गौरवीनं. ती कॉलेजात शिकत होती. तिनं मला पुसलं, जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, मेजावर आपल्या कॉम्प्युटरला जोडलं आणि बाबांना एक साईट दाखवली. पाठीशी कुठलीही कंपनी नसलेली, एकट्यानं गेम बनवणारी, चित्रं काढणारी माणसं तिथे आपलं काम ठेवतात आणि विचारतात, कसं वाटलं? नुसतं बसून चिडचिडे झालेल्या सगुणबाबांना तर खाणच परत मिळाली! रोज सकाळी चहा-पाव झाला की ते शेरे मारायला बसायचे. माल चलता. माल चलना.

मांद्र्याच्या परेशनं होड्यांची चित्रं ठेवली होती. सगुणबाबांनी लिहिलं, 'माल चलना.' परेशनं त्याच दिवशी सगळी चित्रं काढून टाकली आणि तो परत कधी तिथे दिसला नाही. गौरवी भडकली. "बाबा, तो मनीस, माती न्हय!"

"खरें सांगप वायट?" सगुणबाब म्हणाले.

"अर्दें सांगप वायट," गौरवी म्हणाली. पण सगुणबाब काही सुधारले नाहीत.

अशात अकोल्याच्या रेश्माचा गेम आला. एक मुलगी रिकामी घागर घेऊन जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरते, एवढाच खेळ. तिनं खाली लिहिलं होतं, 'घरच्यांनी एक वर्ष दिलं होतं, ते संपत आलं. रविवारी सहा वाजता स्पर्धेची मुदत आहे. तेवढ्यात पाठवला तर पाठवला, नाहीतर हे सारं सोडून मी बी.एड.ला जाणार. काही चुकलं असेल तर सांगा.'

सगुणबाब तो गेम चार वेळा खेळले. चार वेळा! बारवेच्या तळाशी पाण्याचा थेंब वाजायचा तेव्हा त्यांची बोटं माझ्यावर जागच्या जागी थांबायची. पण त्यानंतर पडद्यावर पाणी वाचवा म्हणून दीड पान भाषण यायचं आणि ते दर वेळी उठून जायचे. शेवटी त्यांनी लिहिलं, 'गेम बरो. शेवट साप काढ.'

मीही त्याच मातीतला. मला काही खटकलं नाही.

रविवारी चार वाजता रेश्माचं उत्तर आलं. 'सगुणकाका, साप काढला! दोन दिवस जेवणाचंही भान नव्हतं. तुम्ही कधी कुणाला बरं म्हणत नाही, म्हणून तुमचं ऐकलंच. आता पाठवू का?'

सगुणबाबांनी गेम उघडलासुद्धा नाही. "शाणी चली!" शहाणी पोर, म्हणाले आणि 'पाठव' असं लिहायला बोट उचललं. तेवढ्यात गौरवीनं त्यांना थांबवलं, "रावात. पयलीं बघुया."

तिनं गेम सुरू केला. मुलगी उतरली. थेंब वाजला. भाषण जसंच्या तसं आलं, आणि ते संपताच विहिरीतून भला मोठा नाग फुत्कारत अंगावर आला. गौरवी किंचाळली.

"बाबा, हो साप खंयसून आयलो?"

"कसलो साप?" असं म्हणता म्हणता सगुणबाबांचा चेहरा उतरला. दोन दिवस उपाशीतापाशी त्या पोरीनं साप रंगवला होता. चांगला भरघोस, खवल्याखवल्याचा. 'काढ' म्हटल्यावर बिचारी काढणार नाहीतर काय करणार? मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार चाळीस. सगुणबाबांनी पटकन बडवलं, 'तुला मराठी कळत नाही काय?' गौरवीनं त्यांचा हात धरला. "मराठी तिची नीट आसा. तुमची अर्दी." त्यांनी ते खोडलं. इतक्या वर्षांत माझी बॅकस्पेसची कळ त्यांनी कधी दाबली नव्हती. ती मातीनं इतकी घट्ट झाली होती की चारदा ठोकावी लागली.

मग त्यांनी चूक कबूल केली. साप म्हणजे साफ, काढ म्हणजे काढून टाक. उत्तर लगेच आलं. 'काका, आता माझ्यात जीव उरला नाही. आधीच नीट बोलला असतात तर? राहू द्या. मी सोडते.'

चार पंचावन्न. 'तुझी मर्जी' असं सगुणबाबांनी लिहिलं. खोडलं. 'माफ कर' लिहिलं. तेही खोडलं. कपाळावरचा घाम माझ्यावर पडत होता. गौरवी हळूच म्हणाली, "चार फावट कित्याक खेळ्ळे, तें बरयात." चार वेळा का खेळलात, ते लिहा, म्हणत होती ती.

आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब लिखाण त्या संध्याकाळी सुरू झालं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. 'रेश्मा, तुझ्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीला अंधार वाढतो. मी खाणीत उतरलेला माणूस. मला तो अंधार खरा वाटला. तळाशी थेंब वाजला तेव्हा माझा श्वास अडकला. चारही वेळा अडकला. मग भाषण आलं आणि माझा जीव उडाला. जे थेंबानं सांगितलं तेच परत दीड पान ऐकावं लागलं, असं मला वाटलं. हे माझं वाटणं. गेम तुझा आहे. तू काय करायचं ठरवलं होतंस, ते मी विचारलंच नाही. आता विचारतो.'

सव्वापाच झाले. पडदा गप्प. साडेपाच. सगुणबाब उठत नव्हते, गौरवी बसत नव्हती. वरून मोपाच्या विमानतळाचं विमान गेलं तरी दोघांनी मान वर केली नाही. मी देवाला म्हणत होतो, अरे एकदा तरी चांगलं माझ्यावरून उमटलंय, ते फुकट घालवू नको!

पाच सत्तावन्नला रेश्माचं उत्तर आलं. 'पाठवला. भाषण काढून टाकलं. साप मात्र ठेवला. आता तो अंगावर येत नाही, पाण्यापाशी वेटोळं घालून निजलेला आहे. मला तो आवडतो.'

सगुणबाबांना तो साप पटला नाही. त्यांनी तसं लिहिलं, कारणासकट. तिनं लिहिलं, 'राहू द्या, काका.' त्यांनी लिहिलं, 'राहू दे तर.'

पंधरा दिवसांनी निकाल लागला. यादीत रेश्माचं नाव नव्हतं. सगुणबाबांनी यादी तीनदा वरून खाली वाचली. मग बोटं माझ्यावर ठेवली. तिला लिहायचं तरी काय? शेवटी तिनंच लिहिलं. 'काका, घरी भांडून अजून सहा महिने मागून घेतले. नवा गेम सुरू केलाय. अर्धाच झालाय, वाईट आहे, कुणाला दाखवलेला नाही. बघता का?'

सगुणबाबांनी चष्मा पुसला. मग डोळे पुसले.

मित्रांनो, पुरं झालेलं काम माणूस बाजारात मांडतो. अर्धं काम मात्र तो फार थोड्यांना दाखवतो. कुणी ते तुमच्यापाशी आणलं, तर खोटी स्तुती करू नका, तिचा काही उपयोग नसतो. तुमचा जीव कुठे अडकला ते सांगा, कुठे उडाला ते सांगा, का ते सांगा. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या कळा झिजल्या तर झिजू देत. पण पूर्ण वाक्यात बोला.