सतरावं प्रकरण

मी एक कादंबरी बोलतेय. प्रेमाची कादंबरी आहे, पण लगेच भुवया उंचावू नका. माझ्यात देव आहे, गव्हाची शेतं आहेत, हॅना नावाची एक विधवा आहे, तिचा लहान मुलगा आहे आणि एक लाजरा शाळामास्तर आहे. शेवटी लग्न होतं. आमच्यासारख्या पुस्तकांत ते व्हावंच लागतं, नाहीतर आम्हाला कुणी घरात घेणार नाही.

माझ्या मुखपृष्ठावर टोपडं घातलेली एक मुलगी उभी आहे. आत हॅनाचे केस काळेभोर आहेत आणि बाहेरची ही बया चक्क सोनेरी केसांची! चित्र काढणाऱ्यानं मला उघडूनही पाहिलं नसावं. असो. छापखान्यातून निघून, खोक्यात घुसमटत मी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या गावात पोहोचले, ती थेट चर्चच्या तळघरातल्या वाचनालयात. वाचनालय म्हणजे दोन कपाटं, शेजारी कॉफीचं भलंमोठं भांडं आणि आर्डिस.

आर्डिस म्हणजे तिथली सर्वेसर्वा. आलेलं प्रत्येक पुस्तक ती आधी स्वतः वाचायची, तेही हातात काळं पेन घेऊन. शिवी दिसली की खोड. दारू दिसली की खोड. माझा शाळामास्तर बर्फावरून घसरून पडतो तेव्हा तो जे काही बोलला, ते आता जगात कुणाला कळायचं नाही. नायक-नायिका जवळ आले की आर्डिसचा चष्मा नाकावर घसरे आणि वाचायचा वेग एकदम मंदावे. ती तपासणी होती, असं तिचं म्हणणं. पास झालेल्या पुस्तकाच्या पाठीवर ती एक सोनेरी चांदणी चिकटवायची. मलाही मिळाली.

रविवारी प्रार्थना आटोपली की बायका कॉफीसाठी खाली उतरत.

"आर्डिस, या नव्या पुस्तकात चुंबनं किती?"

"दोन. त्यातलं एक लग्नातलं, ते धरायचं नाही."

"म्हणजे एकच? मग वाचून करायचं काय गं बाई!" म्हातारी लोइस म्हणाली, आणि सगळ्या तोंडावर हात धरून हसल्या.

फार सुखाचे दिवस होते ते. मी घरोघरी फिरले. मळणीयंत्राच्या खुर्चीत बसून वाचली गेले, पिठाचे हात लावून घेतले. सतराव्या प्रकरणात मात्र प्रत्येक बाई रडायची. तिथे हॅनाचा मुलगा गोठलेल्या नदीत पडतो. त्याला बाहेर काढतात तेव्हा त्याचा श्वास थांबलेला असतो. हॅना बर्फावर गुडघे टेकून म्हणते, "प्रभू, माझं लेकरू मला परत दे," आणि मुलगा डोळे उघडतो. बायकांच्या आसवांनी ती पानं थोडी फुगली आहेत. मला त्याचा अभिमान वाटायचा.

मग तो ऑक्टोबर आला. मी तेव्हा आर्डिसच्या स्वयंपाकघरात होते. फोन वाजला. आमच्याच चर्चमधल्या जोलीनचा एकोणीस वर्षांचा मुलगा कोल्बी मक्याच्या उंच पत्र्याच्या कोठीत उतरला होता. वर ओलीनं घट्ट जमलेला मका फोडायला म्हणून गेला आणि खालून धान्य सरकलं, त्यानं त्याला आत ओढलं. आमच्या चर्चची रीत अशी, की संकट आलं की एकीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला, आणि जिथे असाल तिथे प्रार्थनेला बसायचं. आर्डिसनं पुढचा फोन लावला आणि खुर्चीशी गुडघे टेकले. सगळं गाव गुडघ्यांवर होतं. तिकडे पुरुष करवतींनी कोठीचा पत्रा कापत होते.

संध्याकाळी त्यांनी कोल्बीला बाहेर काढलं. तो उठला नाही.

मग जोलीनकडे जेवणाची भांडी जाऊ लागली. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. भांडी परत आली, आणि माणसं आपापल्या कापणीला लागली. जोलीन चर्चला यायची, पण कॉफीला थांबायची नाही. एकदा आर्डिसनं तिला कोट चढवताना गाठलं.

"झोप लागत नाही म्हणालीस ना? हे घेऊन जा. अगदी स्वच्छ आहे गं. वावगं असं काही म्हणजे काहीच नाही यात."

ती मनापासून बोलत होती, हे मी शपथेवर सांगते.

पहिली सोळा प्रकरणं जोलीनला आवडली. शाळामास्तर घसरला तिथे ती हसलीसुद्धा, आणि तिचा नवरा डीन दारातून डोकावून गेला, इतके दिवस तो आवाज त्या घरात नव्हता. मग सतरावं आलं. हॅनाची प्रार्थना तिनं वाचली, पुन्हा वाचली. मुलानं डोळे उघडले. जोलीननं मला मिटलं आणि फ्रीजवर टाकलं. त्या रविवारी ती चर्चला गेली नाही. पुढच्याही नाही.

शेवटी लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन आर्डिस आली.

"तुला कुणी काही बोललं का, जोलीन?"

जोलीननं मला तिच्यापुढे ठेवलं. "हे तुम्ही वाचलंय ना, आर्डिस?"

"पाच वेळा!"

"मग सतरावं प्रकरण तुम्हाला दिसलं नाही?"

आर्डिसनं पान उघडलं. उभ्या उभ्या वाचलं.

"मी… मी चुंबनं शोधत होते गं," ती म्हणाली आणि मटकन बसली.

"कोठीपाशी मीही हेच मागितलं होतं. अगदी याच शब्दांत. हॅनात असं काय होतं, जे माझ्यात नव्हतं?"

आर्डिसनं जन्मभर चर्चमधल्या मुलांना शिकवलं होतं. देवाबद्दल काहीही विचारा, उत्तर तयार. मला भीती वाटली, आता ही देवाच्या इच्छेबद्दल काहीतरी बोलणार.

"मला माहीत नाही," आर्डिस म्हणाली.

मग ती उठली. ओट्याचा खण उघडून तिनं कात्री काढली. "हे प्रकरण मी कापून टाकते. आत्ताच्या आत्ता. आणखी कुणाच्या घरी हे जायला नको." कात्रीचं पातं माझ्या पानांना लागलं. मला वाटलं, काप बाई, काप एकदाचं.

जोलीननं तिचा हात धरला.

"नको. ही पानं काढलीत, तर तो पोरगा पाण्यातच राहील."

"अगं, पण…"

"राहू द्या, आर्डिस. कुणाचं तरी लेकरू घरी जाऊ दे."

मग दोघी रडल्या. वड्या तशाच राहिल्या.

मी अजून इथेच आहे, फ्रीजवर. मला परत कुणी मागितलेलं नाही. जोलीन चर्चला जात नाही. आर्डिस येते, पुस्तक न आणता. कोल्बी लहानपणी किती खोड्या करायचा, ते दोघी बोलतात. तुम्हाला माझी एकच विनवणी आहे. दुःखातल्या माणसाच्या हाती मला देण्याआधी जरा त्याच्याजवळ बसा. माझी तितकी घाई नसते.

अधूनमधून जोलीन मला खाली काढते आणि सतराव्या प्रकरणापाशी उघडते. लग्नापर्यंत ती कधीच जात नाही. नदीतला मुलगा डोळे उघडतो. मग ती मला मिटते, आणि कोल्बी शेतातून यायचा त्या मागच्या दाराकडे कितीतरी वेळ बघत बसते.